ऐकणाऱ्याचा शॉट

अकरा पानं. एक बाई. एक रात्र.
ती बोलते आणि तो ऐकतो.
लिहिणाऱ्याने दार दिलं नाही, गाव दिलं नाही,
तिसऱ्या पानावर फक्त एवढंच:
"उठू नकोस, दिवा मीच मोठा करते."

दाभोळच्या जेटीवर, शेडच्या पायरीला,
दोन दिवस आम्ही पाच जण
या वाक्याचे शॉट पाडत बसलो आहोत.
कॅमेरा चिपळूणच्या एका लग्नवाल्याचा,
बुधवारी परत, कारण गुरुवारी त्याच्याकडे हळद.
ट्रायपॉडचा एक पाय आखूड,
खाली दगड लावायचा. तो दगडही यादीत आहे.
पैसे एकूण चार हजार दोनशे,
त्यातले सहाशे फेरीबोटीतच गेले,
धोपाव्याहून मयूरेश रोज बाईक चढवून आणतो, ऐकत नाही.

वाद एकच. त्याला दाखवायचं का?
यज्ञेश म्हणतो, झोपलेला दाखवू.
सुलक्षा म्हणते, रागावलेला, पाठमोरा,
मला पाठीशी बोलता येतं, घरी सवय आहे.
रुबिना मुकादम म्हणते, तिला दाखवूच नका.
अकराच्या अकरा पानं कॅमेरा त्याच्या तोंडावर.
बोलणं सगळं त्याच्यावरून जाऊ दे
ओहोटीचं पाणी खाजणावरून जातं तसं,
मग काय उघडं पडतं ते बघू.

हे पटलं. आता तोंड शोधणं आलं.

धाकू पावसकर. लाँचच्या इंजिनापाशी तेहतीस वर्षं,
दोन्ही कान इंजिनानेच ठेवून घेतलेले.
चेहरा वल्ह्याच्या मुठीसारखा, वापरून गुळगुळीत.
मानधन किती, आम्ही खुणेने विचारलं,
त्याने खुणेनेच चहा आणि खारी मागितली.
मी म्हटलं, अगं, त्याला ऐकू येत नाही.
म्हणूनच, रुबिना म्हणाली.

चाचणी. पालथ्या होडीवर तो,
समोर सुलक्षा, हातात झेरॉक्स.
चौथ्या पानापर्यंत त्याने खारी खाल्ली.
पाचव्यावर हात थांबला, चुरा मांडीवर.
नवव्या पानाला फेरीबोटीने भोंगा दिला,
आम्ही चरफडलो,
तो हलला नाही.
पानं संपली. कट म्हणायचं यज्ञेश विसरला.
धाकूदादाने लुंगी झटकली
आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं,
"कोण गेला गो तुझा?"

कुणी गेलेलं नव्हतं.
म्हणजे तसं लिहिलेलं नव्हतं.
मोबाईलच्या उजेडात मी पानं पुन्हा चाळली.
उठू नकोस.
पाणी तापवायचंय, पण ते सकाळी, सगळे आल्यावर.
पाय किती गार पडलेत रे.
इथे समासात माझंच अक्षर: थंडी. शाल आणणे.
अकरा पानांत तो एकदा कूससुद्धा बदलत नाही.
आणि हा धडा आम्हाला परीक्षेला होता,
पाच मार्कांना,
बाईच्या स्वभावाची वैशिष्ट्यं लिहा.

रुबिनाने यादी ओढून घेतली.
शाल खोडली. झोपलेला खोडला. पाठमोराही.
शॉट चौदाच्या पुढे लिहिलं: धाकूदादा,
आणि पेन तिथेच थांबलं,
कारण आता तो नवरा नव्हता,
मग कोण?
शेजारी असेल, यज्ञेश हळूच म्हणाला,
रात्री सोबतीला बसतात ना, त्यांच्यातला.

मयूरेश म्हणाला, बोट सुटेल, निघतो.
धाकूदादा अजून सुलक्षाकडेच बघत होता,
उरलेली खारी तिच्यापुढे करून.
ती म्हणाली, अहो, नाटक आहे ते, खोटं.
त्याने समजल्यासारखी मान हलवली
आणि खारी तशीच धरून ठेवली.